साहेबांची रात्रपाळी

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. बॅग अजून उघडली नाही, आधी लिहायला बसले. आज लिहिलं नाही तर उद्यापर्यंत राग निवळेल आणि लिहिण्यातली मजाच जाईल.

राग उशीचा. महिनाभर डोळे फोडून नातवासाठी इवलीशी उशी शिवली होती, भोवती झालर लावून. सूनबाईनं ती हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं, छान आहे अशी मान हलवली आणि सरळ कपाटात ठेवून दिली. मग माझा हात धरून मला बाळाजवळ नेलं. त्यांच्या पलंगाला लागून कठड्याची छोटी कॉट, तिच्यावर कडक गादी, गादीवर ताणून बसवलेली चादर आणि चादरीवर नुसतं पोर. उताणं. उशी नाही, पांघरूण नाही, साधी बाहुली नाही. अंगात पायाकडून बंद असलेली, चेन लावायची एक कापडी पिशवी, तेवढीच काय ती ऊब.

"अरे, लेकरू आहे की पोस्टात टाकायचं पार्सल?" मी चिरंजिवांना विचारलं.

"आई, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. झोपताना जवळ मऊ काही ठेवायचं नाही. तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही, श्वास कोंडतो."

"तुला मी उशीवरच वाढवलाय."

"म्हणून तर असा झालोय," म्हणाला. दोघं हसली. मी नाही हसले.

इथे का आले तेही लिहून ठेवते. चिरंजीव पुलांच्या बांधकामावर देखरेख करतो. आता मोठं काम मिळतंय, पण लांबचं, वर्षभराचं. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचं. या महिन्यात तिथे राहून बघायचं आणि मग हो की नाही ते कळवायचं. आणि सूनबाईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं बोलणं हातांचं. आपलं बोलणं ती ओठांवरून उचलते, नाहीच कळलं तर फोनवर लिहून दाखवायचं. पोरगी हुशार आहे, प्रश्न तो नाही. नवरा गावाला, रात्री बाळ रडलं, त्याला काही झालं, तर ऐकणार कोण?

हेच मी व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा मागे उभी राहून ती भराभर बोटं नाचवत होती. "ती म्हणतेय, मला जमेल," चिरंजीव म्हणाला. मी म्हटलं, जमेल गं बाई, पण माझ्या जिवाला घोर लागतो त्याचं काय? उभा जन्म मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायचे. बरोबरच्या बायका मला कानसेन म्हणायच्या. तेव्हा कानसेन आपले कान घेऊन हजर आहेत.

बाळ पाच महिन्यांचं झालंय. डोक्यावर केस नाही, कपाळाला कायम आठी. रजेचा अर्ज पुढे केला की आमच्या एक्सचेंजचे साहेब अगदी असेच दिसायचे. मी त्याला साहेबच म्हणणार.

बुधवार, ५ तारीख

या घरात एक चहाडखोर आहे. साहेबांच्या कॉटजवळ भिंतीवर एक डबी लावलीय. साहेब रडले की ती ऐकते आणि लगेच चहाडी करते. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि सूनबाईच्या कामाच्या खोलीत दिवे लुकलुकतात, रात्री तिच्या उशीखालची एक चपटी चकती थरथरते. दाराच्या बेललाही तसलाच दिवा जोडलाय. सूनबाई माझ्याही खोलीत एक दिवा लावून देते म्हणाली. मी हात जोडले. मला मेलीला दिवे कशाला?

शिवाय तिनं स्वतः एक लाकडी पट्टी कापून कॉटच्या पायाला आणि पलंगाच्या पायाला स्क्रूनं आवळून टाकलीय. कशासाठी ते देव जाणे. माझ्या नडगीला लागते तेव्हा मला तिची आठवण होते. आज दोनदा झाली.

पण खोटं कशाला बोलू, रात्रीची तिची फेरी बघत राहावी अशी असते. कॉटचा एकेक गज हलवून बघते. खिडकीच्या पडद्याची दोरी वर गुंडाळून खिळ्याला अडकवते. गादी आणि कठड्यामध्ये फट राहिली नाही ना, म्हणून बोटं घालून बघते. मग साहेबांच्या मानेला मागून दोन बोटं लावते, ऊन लागतंय की गार. घाई नाही, कंटाळा नाही, काल केलं म्हणून आज सोडलं असं नाही. आमच्याकडे नव्या मुली बोर्डावर बसल्या की मी त्यांना महिनाभर शिकवायचे आणि तरी अशी शिस्त एखादीच्याच अंगात यायची.

शुक्रवार, ७ तारीख

सूनबाईचा धंदा शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचा. आज एक शिंपीदादा मशीन उचलून घेऊन आला, घामाघूम. "वहिनींना सांगा, दोन दुकानं हिंडलो, कुणाला रोग सापडत नाही. लग्नाचे कपडे अडकलेत माझे!"

सूनबाईनं मशीन चालू केलं, मशीनच्या पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. मग तळवा जरा खाली सरकवला. पुन्हा जरा डावीकडे. डोळे उघडून एक झाकण काढलं आणि आतून झिजलेली चकचकीत कडी काढून शिंपीदादाच्या हातावर ठेवली. मी तर उठून तिच्या पाठीवर थापच मारली. एवढी दचकली!

साहेबांचंही तसंच. त्यांना खांद्यावर घेतलं की तिला पाठीवरच्या हाताला कळतं, ढेकर अडकलाय की झोप आलीय. मी आपली "काय झालं, काय झालं" करत बसते.

आणि अदब किती! माझ्या खोलीत येण्याआधी दिव्याचं बटण दोनदा खालीवर करते, मगच आत. बोलायचं असलं तर आधी खांद्याला हात लावते, समोर येऊन उभी राहते. आजकालच्या सुना पाठमोऱ्याच बोलतात म्हणे.

उलट चिरंजीव. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलाय. बायकोला ओठ वाचून कळतं म्हणून याला आवाज काढायचाच कंटाळा. उद्या निघणार आहे, म्हणून गप्प बसले. नाहीतर चांगला झापला असता.

रविवार, ९ तारीख

चिरंजीव काल गेला. जाताना साहेबांच्या टकलाला इतकं हुंगलं की ते चिडले. मला म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून मी जातोय." सूनबाई तिथेच उभी होती. ओठ तर तिला वाचता येतात. ती वळून आत गेली. दूध तापत असेल.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिलमास्तर राहतात, ते आज भेटायला आले. काय स्वच्छ आवाज! एकेक शब्द मोत्यासारखा. अशी बोलणारी माणसं राहिलीत कुठे? म्हणाले, "ताई, तुम्ही आल्यापासून आमची वीज वाचली. तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्हाला खाली ऐकू येतात, आमचा लावावाच लागत नाही." विनोदी आहेत.

बेल मात्र बिघडलीय. मास्तर म्हणे तीनदा दाबत होते. शेवटी सूनबाईनं दिवा बघून दार उघडलं. चिरंजीव आला की नवीन बसवायला सांगायला हवी.

मंगळवार, ११ तारीख

चहाडखोर बिघडलाय. माझी खात्री झाली.

आज दुपारी मी झोपायच्या खोलीबाहेर भाजी निवडत बसले होते. दार लोटलेलं. आत सामसूम. आणि एकदम स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकायला लागला! सूनबाई हातातलं टाकून धावली. मी म्हटलं, अगं थांब, काही नाहीये. ती गेलीच. मागोमाग मी जाऊन बघते तर साहेब लालबुंद, डोळ्यांत पाणी. असं आज तीनदा झालं. म्हणजे आधी दिवा लागतो आणि मग साहेब रडतात! सगळा उलटा कारभार. दिव्याच्या लुकलुकण्यानंच लेकरू दचकत असणार, दुसरं काय?

सूनबाईचे डोळे खोल गेलेत. ती चकती रात्रभर तिला हलवून उठवते. बिचारी तक्रार करत नाही. कामही सोडत नाही. काल साहेबांना मांडीवर घेऊन एका हातानं मशीनचं तेलपाणी करत होती. मला वाईट वाटतं हो. मी ज्यासाठी आले ते काम डबीकडे, आणि डबी वेडी.

बुधवार, १२ तारीख

लिहून टाकते म्हणजे मनाला बरं. आज सूनबाईला गाढ झोप लागल्यावर मी हळूच गेले आणि चहाडखोराची पिन काढून ठेवली. पट्टी नडगीला लागलीच, पण तोंड दाबून धरलं. सकाळी ती उठायच्या आत परत लावीन. एक रात्र तरी पोरीला सलग झोप मिळू दे. माझं दार उघडं ठेवलंय, त्यांचंही. ऐकायला मी आहे.

गुरुवार, १३ तारीख, सकाळ

काय सांगू! साहेब रात्रभर हूं की चूं नाही. मी कान टवकारून होते, पहाटे कधीतरी डोळा लागला असेल तेवढाच. डबी बंद केली आणि लेकरू शांत झोपलं, याहून मोठा पुरावा काय हवा? चिरंजिवांना सांगणार आहे, तो डबा भंगारात दे.

उठायला मला उशीर झाला. सूनबाई साहेबांना घेऊन बाहेर गेलीय. सकाळच्या हवेत फिरायला नेलं असेल. झोप झाली की माणसाला असा हुरूप येतो. जाण्याआधी कॉटची चादर, गादीची खोळ, साहेबांच्या दोन्ही पिशव्या, सगळं धुऊन वाळत घातलंय. केवढा उरक या मुलीला! पिनही तिनंच परत लावलीय. रागावली नसेल ना?

गुरुवार, संध्याकाळ

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी मास्तर आले. हातात मोसंबी. दारातच म्हणाले, "कसंय बाळ आता? रात्री फार रडत होतं हो. आमच्या जिन्यातली सगळी मंडळी जागी होती. मी वर येणार होतो, तेवढ्यात तुमच्याकडचा दिवा लागलेला दिसला. सूनबाई त्याला घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, उजाडेपर्यंत. सकाळी मीच रिक्षा बोलावून दिली दवाखान्यात जायला."

मी म्हटलं, "कोण रडत होतं?"

मास्तर आवाज खाली आणून काहीतरी बोलले, बहुतेक काहीतरी समजुतीचं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मोत्यासारखे शब्द मोठ्यानं बोलले तरच कळत होते, हे मला तेव्हा उमगलं. तिथेच दाराला धरून उभी राहिले.

सूनबाईनं नंतर लिहून दाखवलं, साहेबांना ताप होता. सगळं दूध उलटलं होतं, चादर भिजली होती, नाक चोंदलं होतं, त्यात पडून ते रडत होते. किती वेळ, कुणाला ठाऊक. सगळा जिना जागा झाला. आणि चार पावलांवर कानसेन घोरत पडल्या होत्या.

आता ताप उतरलाय. औषध दिलंय, झोपलेत. मी दहादा जाऊन बघून आले, दर वेळी पोटावर हात ठेवून. हलतंय.

शुक्रवार, १४ तारीख

रात्रभर एकच प्रश्न डोक्यात. मी पिन काढली होती. दिवा लागला नाही, चकती हलली नाही. मग ती उठली कशी?

सकाळी विचारलं. फोनवर लिहूनच विचारलं, कारण मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं मला पलंगावर आडवं केलं, माझा तळहात पलंगाच्या कडेच्या लाकडावर टेकवला आणि स्वतः जाऊन साहेबांची कॉट हळूच हलवली. कडेच्या लाकडातून माझ्या हातात थरथर आली. ती लाकडी पट्टी! जिला मी आठवडाभर शिव्या घालतेय, ती. साहेबांनी पाय आपटले की ते तिच्या पलंगात येतं. ती रोज रात्री हात तिथे टेकवूनच झोपते. डबीवर एकटीवर विसंबायचं नाही, वीज जाते, पिन निघते, असं तिनं लिहून दाखवलं. पिन निघते. बस, एवढंच. पुढे एक शब्द नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी लिहिलं, मला उठवलं का नाहीस? तिनं लिहिलं, "दार उघडून बघितलं होतं. तुम्ही छान झोपला होतात. आणि मला दोन हात पुरत होते."

दुपारी मी एक केलं. साहेब झोपलेले असताना दाराशी खुर्ची टाकून बसले, त्यांच्यावर नजर ठेवून. दिवा लुकलुकला. सूनबाई आली, तिला मी हातानं थांबवलं. साहेबांचं तोंड वासलेलं होतं, जीभ थरथरत होती, पाय चालले होते. आवाज नाही. मी दोन पावलं पुढे गेले. नाही. कठड्यावर वाकले तेव्हा कुठे काहीतरी बारीक कानाला लागलं, शेजारच्या इमारतीतलं असावं तसं.

डबी कधीच बिघडली नव्हती. बेलही नव्हती बिघडली. चिरंजीवही चांगलं मोकळं बोलतो.

मी खाली बसून रडले, अगदी आवाज काढून, निदान मला तरी वाटलं की काढला. सूनबाईनं एका खांद्यावर साहेबांना घेतलं आणि दुसऱ्या हातानं मला. जरा निवल्यावर विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"तुम्ही आलात त्याच दिवशी," तिनं साहेबांना कॉटवर ठेवून हातांनी सांगितलं, सावकाश, मला कळेल असं; नाही कळलं तेवढं फोनवर लिहिलं. "बेल वाजली की ऐकू येणाऱ्यांची मान वळते. मी लहानपणापासून माना बघतच बेल ओळखते. ह्यांची वळली, तुमची नाही."

म्हणून ते दिव्याचं बटण. म्हणून खांद्याला हात लावून समोर उभं राहणं. मी अदब समजत होते, आणि ती मला सांभाळत होती! बाळ सांभाळायचं, मशिनी सांभाळायच्या, आणि वर सासूचा तोराही.

"मग बोलली का नाहीस?"

"मला आयुष्यभर सगळे तेच सांगत आले. तुम्हाला सांगायला हात धजावले नाहीत."

शनिवार, १५ तारीख

चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल आला. सूनबाई साहेबांना अंघोळ घालत होती. फोन घेण्याआधी मनात एक पाप येऊन गेलं, ते लिहिते. तिनं त्याला त्या रात्रीचं काहीही कळवलेलं नाही. कळवणारही नाही. मी गप्प बसले तर कानसेन कानसेनच राहतील.

तो म्हणाला, आणि या वेळी मी त्याच्या ओठांकडे नीट बघत होते, "आई, इथलं काम फार चांगलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय. तू वर्षभर राहशील का? तू नसशील तर मी नाही म्हणून कळवतो. तिला एकटीला नाही टाकणार."

"ऐक," मी म्हटलं. "तुझी आई बहिरी झालीय. हसू नकोस. बुधवारी रात्री तुझा मुलगा तापानं फणफणला होता, सगळी बिल्डिंग जागी झाली आणि मी घोरत होते. वर मीच ती डबी बंद करून ठेवली होती. तुझ्या बायकोनं ऐकलं. हो, ऐकलं, मला दुसरा शब्द सुचत नाही. तेव्हा माझ्या भरवशावर होकार देऊ नकोस. तिच्या भरवशावर दे."

तो म्हणाला, "ती पहिल्यापासून म्हणत होती गं, मला जमेल."

"हो ना," मी म्हटलं. "आपल्या दोघांना ऐकू आलं नाही."

मंगळवार, २५ तारीख

चिरंजिवांनी होकार कळवला. कानाच्या डॉक्टरांनी मला यंत्र दिलंय. त्यात चमचा पडला तरी तोफ उडते, पण सवय होईल म्हणतात. साहेबांचं रडणं पहिल्यांदा नीट ऐकलं. भयंकर आहे. मास्तरांची कीव आली.

पण रात्री ते यंत्र काढून ठेवायचं असतं. म्हणून परवा सूनबाईनं काही न विचारता माझ्या उशीखाली एक चकती सरकवली. या वेळी मी हात जोडले नाहीत. ठरलं असं की रात्रपाळी वाटून घ्यायची, एक दिवस ती, एक दिवस मी. मला वाटलं, नुसतं माझं मन राखायला म्हणतेय. माझ्यासारखीवर पुन्हा कोण भरवसा ठेवील?

काल रात्री उशी थरथरली. उठले, गेले. सूनबाईला पट्टीतून कळलेलंच होतं, कोपरावर रेलून साहेबांकडे बघत होती. मी दारात थबकले. तिनं माझ्याकडे बघितलं, एका बोटानं माझ्याकडे खूण केली, "पाळी तुमची," आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. माझं काम व्हायच्या आत तिला झोप लागलीसुद्धा.

साहेबांना खांद्यावर घेतलं. कानात यंत्र नव्हतं, तरी त्यांचं रडणं माझ्या गळ्याखालच्या हाडात घुमत होतं, आणि थांबलं तेही तिथेच कळलं. मानेला मागून दोन बोटं लावली. ऊन नाही, गार नाही. मग उताणं निजवलं, पिशवीची चेन वर ओढली, आणि पट्टी चुकवून परत आले.